आर्मस्ट्राँग यांचा रिसीव्हर : चौथ्या आठवड्याची नोंद

मी घरी बांधत असलेला आर्मस्ट्राँग यांच्या पद्धतीचा रेडिओ रिसीव्हर या आठवड्यात बोलू लागला. 40 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर इनॅमल तारेचे 75 वेढे, त्याखाली प्रतिपुष्टीसाठी (वाढवलेल्या संकेताचा काही भाग परत सुरुवातीला देण्यासाठी) 8 वेढ्यांची छोटी कॉइल, जुन्या रेडिओतला केंद्र निवडण्याचा गँग कंडेन्सर आणि एकच जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), एवढाच हा संच आहे. पहिल्या दिवशी प्रतिपुष्टी वाढवली की आवाज उलट मंदावत होता. छोट्या कॉइलची टोके अदलाबदल करून पुन्हा सोल्डर केली आणि 792 किलोहर्ट्झवर आकाशवाणी पुणे स्पष्ट लागले. नॉब केसभर पुढे गेला की शीळ घुमते, केसभर मागे घेतला की निवेदकाचा आवाज भरदार होतो.

ही सीमारेषा एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांनी 1912 मध्ये, कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत असतानाच ओळखली. ऑडियन या सुरुवातीच्या रेडिओ नळीच्या प्लेटकडील (बाहेर पडणाऱ्या बाजूचा) उच्च वारंवारतेचा प्रवाह ग्रिडकडे (आत येणाऱ्या बाजूला) परत दिला तर क्षीण संकेत अनेक पटींनी वाढतो, आणि मर्यादा ओलांडली की तीच नळी स्वतः दोलने (उच्च वारंवारतेची कंपने) निर्माण करते, हे त्यांनी मोजमापे घेऊन सिद्ध केले. 31 जानेवारी 1913 रोजी त्यांनी मंडलाची आकृती नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. पेटंट 1914 मध्ये मिळाले. ऑडियनचे जनक ली डी फॉरेस्ट यांनी मात्र ऑगस्ट 1912 मधील प्रयोगात ऐकू आलेल्या शिळेच्या आधारे या शोधावर हक्क सांगितला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1934 मध्ये तो मान्य केला. शीळ ऐकू येणे आणि तिच्या अलीकडे संच स्थिर ठेवता येणे यांतला फरक या आठवड्यात माझ्या बोटांना कळला आहे, त्यामुळे तो निकाल मला अन्यायकारकच वाटतो. निकालानंतर आर्मस्ट्राँग यांनी या शोधासाठीचे सन्मानपदक परत देऊ केले, पण रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने ते स्वीकारले नाही, ते योग्यच झाले.

1918 मध्ये पॅरिस येथे लष्करी सेवेत असताना त्यांनी सुपरहेटरोडाइन (आलेला संकेत एका ठरावीक वारंवारतेवर आणून वाढवणारा रिसीव्हर) रचला. 1933 मध्ये एफएमची पेटंटे मिळाली. 1945 मध्ये एफएमचा पट्टा 88 ते 108 मेगाहर्ट्झकडे हलवला गेला आणि आधीचे संच निरुपयोगी झाले. एफएमच्या पेटंटांवरून आरसीए या रेडिओ कंपनीविरुद्धचा खटला चालू असतानाच 1954 मध्ये त्यांनी जीवन संपवले. पत्नी मेरियन यांनी उरलेले खटले लढवले. शेवटचा 1967 मध्ये जिंकला.

दोलनात गेलेला संच अँटेनातून लहरी सोडतो आणि शेजारच्या रेडिओत शीळ उमटते, म्हणून पुढच्या आठवड्यात अँटेना व कॉइल यांच्यामध्ये एक आरएफ टप्पा (रेडिओ वारंवारतेचा वेगळा प्रवर्धक) बसवणार आहे.