चित्रेच्या खाली साडेतीन मुठी

सोलापूरचा अक्षांश साधारण १७.७ अंश उत्तर, आणि ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेघ) ४७.५ अंश दक्षिणेला. नव्वदातून दोन्ही वजा केले की कळतं, आपल्याकडे तो जास्तीत जास्त २५ अंश वर चढतो. युरोपात बहुतेकांच्या नशिबात तेवढंही नाही, म्हणून त्याचा फोटो काढायला मी खुशीत निघालो.

फाल्गुन अमावास्येला अंधार शोधत नान्नजकडच्या एका रानात गेलो. अंधार झकास होता. पण नान्नज शहराच्या उत्तरेला! दक्षिणेला तोंड केलं की समोर अख्खं सोलापूर. रात्री दोनच्या सुमारास गुच्छ नेमका त्या पिवळट उजेडावर येऊन बसला. त्यात ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, नसताना मी आठ-आठ सेकंदांचे फोटो काढलेले, त्यामुळे तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट आले. सगळे डिलीट केले.

चैत्र अमावास्येला शहर पाठीमागे टाकलं. मंद्रूपला चुलतभावाची शेती आहे, तिथून दक्षिण बरीच मोकळी. दहालाच पोचलो, तर दिवसभर तापलेलं काळं रान अजून गरम वाफा सोडत होतं. त्या वाफांमुळे दक्षिणेकडच्या त्रिशंकूचे तारे नुसते लुकलुकत होते. मग कडक भाकरी, शेंगाचटणी खात बसलो. गुच्छही बारालाच सर्वांत वर येणार होता.

फोकस चित्रेवर केला. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, दहापट मोठं करून, तारा बारीकात बारीक होईपर्यंत रिंग केसभर इकडे-तिकडे फिरवली आणि वर चिकटपट्टी लावली. ही चिकटपट्टी विसरू नका. चित्रा आणि हा गुच्छ जवळपास एकाच वेळी मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेघेवर) येतात, म्हणजे चित्रेपासून सरळ खाली, हात लांब करून साडेतीन मुठी, की गुच्छ.

भावाला दाखवला. "काय बे, ह्या पुसट ठिपक्यासाठी जागवलास व्हय?" त्याचं फार चुकलं नाही. ताऱ्यांचे नकाशे करणाऱ्या योहान बायर यानेही १६०३ मध्ये याला साध्या ताऱ्यासारखं ओमेगा हे अक्षर दिलं होतं. हा तारा नव्हे, हे १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून खगोलशास्त्रज्ञ हॅलीने नोंदवलं.

२०० एमएमची जुनी लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००. एका सेकंदात तारा दोन-तीन पिक्सेल सरकतो, तेवढं चालतं. म्हणून एकेक सेकंदाचे ४०० फोटो. वारा सुटला तेव्हा भाऊ चादर धरून आडवा उभा राहिला. शेवटी लेन्सला झाकण लावून, सेटिंग तेच ठेवून आणखी ४० काढले. उकाड्यात सेन्सरवर जे रंगीत ठिपके उमटतात, ते नंतर वजा करायला हेच लागतात. "झाकण लावून फोटो?" भावाने कपाळाला हात लावला.

घरी सिरिल या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे एकावर एक रचले. एका फोटोत नुसता रवाळ गोळा होता, तो आता कडेने सुटा सुटा झाला. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरचे, कोटीभर ताऱ्यांमधले थोडे का होईना, वेगळे दिसले. क्षितिजाजवळची जाड हवा निळा रंग खाते, त्यामुळे सगळं पिवळं आलं होतं. ते सावरण्यातच दुपार गेली.

कॅमेरा उभा धरल्यामुळे फ्रेमच्या वरच्या टोकाला आणखी एक धूसर डाग आला होता. नकाशाशी ताडून पाहिला, तर सेंटॉरस ए, एक कोटी प्रकाशवर्षांपलीकडची दीर्घिका. लाल गोल करून भावाला पाठवला.

उत्तर आलं, "लेन्स पूस बे."