काकांचा चाकू

आज इंदूरच्या सियागंज बाजारात काकांसाठी घडीचा चाकू घेतला. पेरू चिरायला, सुतळी तोडायला, पार्सलं उघडायला त्यांना रोज लागतो. दुकानदाराने आधी काळे, दातेरी पात्याचे दिमाखदार चाकू पुढे केले. मी बाजूला सारले. दातेरी पात्याला घरच्या दगडावर धार लावणं फार कटकटीचं, आणि रोजच्या कामाला तीन इंचांच्या आतलं साधं पातं पुरतं.

मी लॉकला, म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणाऱ्या अडकणीला, सगळ्यात जास्त महत्त्व देते. पातं उघडायचं, बोटं त्याच्या वाटेतून दूर ठेवायची आणि पात्याच्या पाठीवर, म्हणजे बिनधारेच्या बाजूवर, हलका दाब द्यायचा. मिटलं की तो चाकू परत. मग टोक धरून डावीउजवीकडे हलवून बघायचं, खिळखिळं लागता कामा नये. ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूची गोल कडी फिरवून पातं पक्कं करायची सोय १९५५ पासूनची, माझी फार आवडती. पण ओपिनेलचं कार्बन स्टीलचं पातं लिंबू कापून तसंच ठेवलं की काळं पडतं, पावसाळ्यात गंजतं. काका काही रोज पुसायचे नाहीत, म्हणून स्टेनलेसच घेतलं.

विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका, हेही त्यांना नीट सांगितलंय. पुढच्या आठवड्यात पुण्याला निघालेत.