‘त्रे काँप्लिस’

पॅरिसजवळच्या एका पोलीस ठाण्यात दुभाषी म्हणून गेले होते. ताब्यात घेतलेला मुलगा आपल्याकडचा, जेमतेम बाविशीचा. त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्राकडे चोरीचे मोबाइल सापडले होते. इथे ही कोठडी सुरुवातीला २४ तासांची असते, आणि त्यातले बरेच तास उलटून गेले होते.

अधिकारी शेजारणीचा जबाब वाचत होते, मी मराठीत सांगत होते. एका वाक्यात आलं, ते दोघं ‘त्रे काँप्लिस’ होते. मी पटकन म्हणाले, “दोघं अगदी साथीदार होते.”

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. “ताई, मी कसला साथीदार? मला माहीतसुद्धा नव्हतं!”

मी कागद मागून घेतला. ‘काँप्लिस’ म्हणजे गुन्ह्यातला साथीदार, हे खरंच. फ्रेंच दंडसंहितेच्या १२१-७ या कलमात जाणूनबुजून मदत करणारा, किंवा आमिष, धमकी, हुकूम देऊन गुन्हा करायला लावणारा, तो काँप्लिस. आणि त्याला मुख्य गुन्हेगारासारखीच शिक्षा होऊ शकते. पण त्याच्या आधी ‘त्रे’ होतं. त्रे म्हणजे ‘खूप’. गुन्ह्यात माणूस सामील असतो किंवा नसतो. ‘खूप सामील’ असं शेजारीण कशाला म्हणेल? इथे तो शब्द विशेषण होता. बहिणी-बहिणी, आजी-नात, जुने मित्र, ज्यांना एकमेकांचं न बोलता कळतं, त्यांनाही फ्रेंच माणूस कौतुकाने काँप्लिस म्हणतो. मूळ लॅटिन धातूचा अर्थच मुळी ‘एकत्र घडी घालणे’. त्या घडीत काय दडलंय, ते आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायचं.

मी अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितलं: माझं भाषांतर चुकलं, ते दुरुस्त करायचंय. त्यांनी मान डोलावली. मग मराठी शब्द शोधायला लागले. ‘जिवलग’ थोडा जड वाटला, ‘घनिष्ठ’ पुस्तकी. आणि घरातलाच शब्द आठवला.

“शेजारीण म्हणते, तुमच्या दोघांचं छान मेतकूट जमलं होतं.”

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, “हो, ताई. आम्ही एकाच कढईत शिजवून खायचो. पण मोबाइलचं त्याने मला कधीच सांगितलं नाही.”

ते मी फ्रेंचमध्ये शब्दन् शब्द सांगितलं, कढईसकट. अधिकाऱ्यांनी तसंच टाइप करून घेतलं.