अकाउंट माझं, आणि ते माझं आहे हे सिद्धही मीच करायचं

चोरीला गेलेलं गेमिंग अकाउंट परत मिळालं, गेम जागेवर आहेत, तरी राग काही गेलेला नाही. म्हणून लिहितोय. आत्ता कुणी सपोर्टच्या उत्तराची वाट बघत बसलं असेल तर त्याला यातलं काही कामी येईल.

झालं ते नेहमीसारखंच. रात्री लागोपाठ मेल आले: नव्या उपकरणावरून लॉगिन, पासवर्ड बदलला, ईमेल बदलला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू झालं. मी वाचेपर्यंत सगळं उरकलं होतं. टू-स्टेप चोराने स्वतःच्या फोनवर लावलं होतं, म्हणजे मला चोरापासून वाचवायला केलेली सोय आता चोराला माझ्यापासून वाचवत होती. तो आत कसा शिरला ते कंपनीने शेवटपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की "सुरक्षेच्या कारणास्तव" एवढंच उत्तर.

कार्ड ब्लॉक करणं, ज्या ईमेलवर अकाउंट होतं त्याचा पासवर्ड बदलणं, यादीतल्या मित्रांना "माझ्या नावाने लिंक आली तर उघडू नका" असं कळवणं, हे पटापट झालं. ईमेलचं काम सगळ्यात आधी करा. मेलबॉक्स हातचा गेला तर पुढचं काहीच जमत नाही.

अडलं ते रिकव्हरीत. चॅटबॉटने मोठ्या प्रेमाने सांगितलं, "पडताळणीचा कोड आपल्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवला आहे." नोंदणीकृत ईमेल आता कुणाचा? त्याचा! चोराने घराचं कुलूप बदलावं आणि नवी किल्ली आपण त्याच्याच हातात द्यावी, तसा हा कारभार. "हा ईमेल आता माझ्याकडे नाही" असं कितीही वेळा लिहिलं तरी बॉट फिरून त्याच वाक्यावर यायचा. खऱ्या माणसापर्यंत पोचायची वाट मला शेवटी "पेमेंटसंबंधी तक्रार" या पर्यायात सापडली. "लॉगिनची अडचण" निवडलं की पुन्हा बॉटच. पैशाचा विषय काढला की माणूस येतो, हे लक्षात ठेवा.

माणूस आला आणि त्याने फॉर्म पाठवला. अकाउंट उघडताना दिलेला ईमेल, जन्मतारीख, पहिल्यांदा ज्या कन्सोलवर लॉगिन केलं त्याचा सिरियल नंबर आणि पहिल्या खरेदीचा व्यवहार क्रमांक. पहिल्या! इतकी जुनी खरेदी, तिचा नंबर कुणाला आठवणार? खरेद्यांची यादी दिसते ती अकाउंटच्या आत, आणि आत तर मला जाता येत नव्हतं. मी बँकेचं स्टेटमेंट काढून पाठवलं. तारीख, रक्कम, कंपनीचं नाव, सगळं स्वच्छ. उत्तर आलं, "दिलेला क्रमांक आमच्या नोंदीत आढळत नाही." कसा आढळेल? स्टेटमेंटवर असतो तो बँकेचा संदर्भ क्रमांक. कंपनीचा ऑर्डर नंबर वेगळा, आणि तो फक्त त्यांच्या पावतीच्या मेलमध्ये असतो. हे त्या एजंटला माहीत नसेल असं मला वाटत नाही. एक ओळ लिहिली असती तर माझी कितीतरी धावपळ वाचली असती.

मग तिकीट, म्हणजे माझ्या तक्रारीची नोंद, बंद. कारण: पुरेशी माहिती मिळाली नाही. मी नवं तिकीट काढलं, तर नवा एजंट, आणि सगळी कहाणी पहिल्यापासून. हे करू नका. बंद झालेल्या तिकिटाच्या मेललाच उत्तर द्या, ते बहुतेक वेळा पुन्हा उघडतं आणि आधीचं सगळं त्यात राहतं. नवं काढलं की तुम्ही रांगेच्या शेपटाला.

या सगळ्यात मला खरी चीड कशाची आली ते सांगतो. ईमेल बदलताना त्या चोराला यातलं काहीही विचारलं गेलं नव्हतं. ना सिरियल नंबर, ना पहिली खरेदी. एकदा लॉगिन झालं की तो मालक. कडक पहारा सुरू होतो तो खरा मालक दारात येऊन उभा राहिल्यावर. जुन्या ईमेलवर "हा बदल मी केलेला नाही" अशी एक लिंक पाठवली असती, किंवा बदल लागू व्हायला थोडा वेळ ठेवला असता, तर हा फॉर्मच भरावा लागला नसता.

रिकव्हरीत इतका संशय का, हे मला वाट बघता बघता जुन्या बातम्या वाचून कळलं, आणि तो भाग मान्य करावा लागेल. एप्रिल 2011 मध्ये सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क हॅक झालं तेव्हा सुमारे 7.7 कोटी अकाउंटची माहिती गेली आणि नेटवर्क तीन आठवड्यांहून जास्त काळ बंद राहिलं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्यासाठी 2013 मध्ये अडीच लाख पौंडांचा दंडही केला. पण मला जास्त बोलकी वाटली ती नंतरची गोष्ट. मे महिन्यात नेटवर्क परत सुरू झालं आणि लगेच पासवर्ड रीसेटच्या वेबपानात भोक सापडलं: ईमेल आणि जन्मतारीख माहीत असली की दुसऱ्याचा पासवर्ड बदलता येत होता. नेमकी हीच माहिती महिन्याभरापूर्वी चोरीला गेलेली! पान तातडीने बंद करावं लागलं. 2012 मध्ये ब्लिझार्ड या गेम कंपनीच्या हॅकमध्ये पासवर्ड नीट झाकलेले होते, पण उत्तर अमेरिकेतल्या सर्व्हरवरच्या खेळाडूंच्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरं गेली. 2015 च्या जुलैत स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर तर पासवर्ड रीसेटचा कोड विचारणारी चौकट रिकामी सोडली तरी पुढे जाता येत होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्टीमची मालक कंपनी वाल्वने स्वतःच सांगितलं की महिन्याला सुमारे 77,000 अकाउंट चोरून लुटली जातात.

म्हणजे तिजोरी बऱ्यापैकी मजबूत करतात ही मंडळी. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड उलगडत नाही असं रूप) ठेवायचा, हॅश करण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डला वेगळा सॉल्ट, म्हणजे काही यादृच्छिक अक्षरं, जोडायचा, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी नोंद वेगळी दिसते आणि चोराला प्रत्येक अकाउंटवर स्वतंत्र मेहनत करावी लागते. कार्डाचा नंबर एन्क्रिप्ट करायचा (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करायचा), किंवा स्वतःकडे न ठेवता पेमेंट कंपनीकडून त्याच्या बदली मिळालेला आकडा, म्हणजे टोकन, तेवढं ठेवायचं. हे सगळं ठीक. पण "पासवर्ड विसरलात?" हा मागचा दरवाजा एका टोकाला सताड उघडा किंवा दुसऱ्या टोकाला भिंत घालून बंद. मधलं काही यांना सुचतच नाही.

पावती शेवटी माझ्या मेलबॉक्समध्येच सापडली. मी कंपनीच्या नावाने शोधत होतो, आणि त्या काळात पावत्या यायच्या वेगळ्याच नावाच्या पत्त्यावरून. विकत घेतलेल्या गेमचं नाव टाकून शोधलं आणि एका झटक्यात वर आली. पहिला कन्सोल तर मी केव्हाच विकला होता, पण खोका ठेवला होता आणि सिरियल नंबरचं स्टिकर खोक्यावरही असतं. दोन्हींचे फोटो, स्टेटमेंट, रात्रीचे ते चार मेल, सगळं एकाच उत्तरात जोडलं आणि वर दोन ओळी लिहिल्या: अकाउंट अमुक वेळी गेलं, हे पुरावे, आधी अकाउंट लॉक करा आणि मग तपासा. रडगाणं कापून टाकलं. यावेळी काम झालं.

जुना कन्सोल विकताना जाहिरातीत मागच्या बाजूचा फोटो टाकत असाल तर सिरियल नंबर झाका. ऑनलाइन मिरवायला टाकलेल्या खरेदीच्या स्क्रीनशॉटवरचा ऑर्डर नंबरही. सपोर्टवाले याच गोष्टींना मालकीचा पुरावा मानत असतील तर चोरालाही त्या पुरतील.

अकाउंट हातात आल्यावर पासवर्ड बदलून थांबू नका. "सगळ्या उपकरणांवरून साइन आउट" दाबा आणि जोडलेली उपकरणं, जोडलेली इतर अकाउंट, बॅकअप कोड एकेक करून बघा. माझ्या यादीत त्याचा फोन "विश्वासू उपकरण" म्हणून तसाच होता, सपोर्टने काढला नव्हता. टू-स्टेपसाठी एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) बरं, पासकीची (पासवर्डऐवजी आपल्या उपकरणातल्या किल्लीने लॉगिन करायची) सोय असेल तर ती त्याहून बरी. बॅकअप कोड कागदावर. आणि पहिली पावती आजच शोधून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, सपोर्टने मागायची वाट बघू नका.

हो, आणि एक राहिलंच. चोराने माझ्या कार्डावर खरेदी केली होती, तेव्हा बँकेत तक्रार करून पैसे लगेच परत मागवायचा मोह झाला. एजंटने, हे एक बरं केलं, आधीच थांबवलं: चार्जबॅक, म्हणजे बँकेने पैसे परत ओढून घेणं, आला की त्यांची यंत्रणा अकाउंट आपोआप बंद करते, मग ते कुणाचंही असो. इतरही काही कंपन्यांचा हाच खाक्या आहे. म्हणून कार्ड ब्लॉक करा, तक्रारीची मुदत किती आहे ते बँकेला विचारून ठेवा, पण मुदत हातात असेल तर आधी कंपनीकडूनच परतावा मागा. मला तो कंपनीच्याच वॉलेटमध्ये (अकाउंटमधल्या शिलकीत) मिळाला, कार्डावर नाही. त्यावरून आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.