वजाबाकीतलं कोलेस्टेरॉल

गेल्या वर्षी माझा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 152 होता. या वर्षी 117. रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी पतसंस्थेत दिवसाची शिल्लक जुळवत बसलो होतो. व्हाउचरांची गड्डी बाजूला सारली, आकडा पुन्हा वाचला आणि बायकोला फोन लावला. "बघा, लसणाचा गुण," ती म्हणाली. आठ महिने रोज सकाळी उपाशीपोटी दोन कच्च्या पाकळ्या चावत होतो. काउंटरवरची माणसं माझ्याशी हातभर लांबून बोलायची, पण फळ मिळालं म्हणायचं.

डॉक्टरांकडे गेलो तो शाबासकी घ्यायलाच. त्यांनी एलडीएलच्या ओळीकडे बघितलंसुद्धा नाही. बोट ठेवलं ते ट्रायग्लिसराइडवर, म्हणजे रक्तातल्या चरबीवर. 438.

"आदल्या रात्री काय होतं?"

पुतण्याची हळद होती. जेवायला साडेअकरा वाजले, त्याआधी भाऊबंदांबरोबर थोडं 'बसणं'ही झालं होतं. सकाळी सातला पोरगा रक्त घ्यायला घरी आला, "उपाशी आहात ना काका?" म्हणाला, मी हो म्हटलं. चहासुद्धा घेतला नव्हता, त्यामुळे खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट उलटा करून पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं:

241 − 36 − 87.6 = 117.4

241 एकूण कोलेस्टेरॉल, 36 एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल. आणि 87.6 म्हणजे 438 भागिले 5. "तुमचा एलडीएल कुणी मोजलेलाच नाही. ही बाकी आहे."

बावीस वर्षं हिशेबात घालवलेल्या माणसाला यापुढे फार सांगावं लागत नाही. ज्या आकड्याला स्वतःचं व्हाउचर नाही, नुसती बाकी म्हणून जो खाली येतो, त्याच्यात वरच्या सगळ्यांच्या चुका गोळा होतात. रिपोर्टवर 'पद्धत' नावाचा बारीक अक्षरांचा रकाना असतो. एलडीएलसमोर तिथे 'कॅल्क्युलेटेड' असं छापलेलं होतं. गेल्या वर्षीच्या रिपोर्टवरही होतं. मी कधी वाचलंच नव्हतं.

पाचाने का भागायचं, तर एकूणातून व्हीएलडीएल नावाच्या कणांतलं कोलेस्टेरॉलही काढायचं असतं, आणि त्या कणांत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलचं प्रमाण साधारण पाचास एक असतं, असं धरलेलं आहे. पण ट्रायग्लिसराइड चढलं की हे प्रमाण बिघडतं. शिवाय उशिरा जेवल्यावर रक्तात अन्नातल्या चरबीचे वेगळे कण फिरत असतात, त्यांत ट्रायग्लिसराइड भरपूर आणि कोलेस्टेरॉल नावाला. सूत्राला यातलं काही कळत नाही, ते पाचानेच भागतं. म्हणजे वजा जास्त होतं आणि एलडीएल कमी दिसतो. घरी येऊन मी दोन्ही वर्षं शेजारी मांडली. ट्रायग्लिसराइड 190 वरून 438, म्हणजे 248 ची वाढ. तिचा पाचवा हिस्सा जवळजवळ 50. एवढी सूट मला कागदावर फुकटात मिळाली होती. बिघाड वाढला म्हणून आकडा सुधारला!

डॉक्टरांनी दुसरी वजाबाकी दाखवली, ती जास्त प्रामाणिक वाटली. एकूणातून फक्त एचडीएल काढायचं. त्याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि त्यात पाचाची भानगडच नाही. गेल्या वर्षी 228 − 38 = 190. या वर्षी 241 − 36 = 205. सुधारणा कसली, पंधराने वर गेलो होतो.

मग मी थोडं वाचलं. हे सूत्र 1972 सालचं, फ्रीडवॉल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन या तिघांचं, 448 माणसांच्या रक्तावरून काढलेलं. एलडीएल नीट वेगळा करायला तेव्हा अल्ट्रासेंट्रिफ्यूज नावाचं, रक्त प्रचंड वेगाने फिरवणारं यंत्र लागायचं. वेळखाऊ आणि महाग काम, त्यावरची ही पळवाट होती. चांगली पळवाट, ट्रायग्लिसराइड कमी असेल तर बहुतेकांचं काम अजून तीवर भागतं. पण 400 च्या वर वापरू नका, हे त्या तिघांनीच सांगून ठेवलंय. आमच्या लॅबच्या सॉफ्टवेअरला ते कुणी सांगितलं नसावं. 2013 साली जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी तेरा लाखांहून जास्त नमुने तपासून दाखवलं की भाजक पाचच असायला हवा असं नाही, माणसागणिक तो 3.1 पासून 11.9 पर्यंत बदलायला हवा. 2020 चं आणखी एक सूत्र 800 पर्यंत चालतं. माझ्या रिपोर्टवर मात्र 1972 च चालू होतं.

दोन आठवडे दारू बंद, आदल्या रात्री आठच्या आत भाकरी-भाजी, आणि सकाळी स्वतः दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'डायरेक्ट एलडीएल' लिहून दिलं होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, प्रोफाइलमध्ये एलडीएल येतोच की, याचे वेगळे पैसे पडतील." म्हटलं, पडू देत.

एकूण 233, एचडीएल 37, ट्रायग्लिसराइड 262. सूत्राने एलडीएल 143.6 आला असता. त्याच नळीतल्या रक्तावर डायरेक्ट मोजला तो 156.

डायरेक्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, हेही डॉक्टरांनी लगेच सांगितलं. वेगवेगळ्या कंपन्यांची रसायनं थोडे वेगळे आकडे देतात, आणि ट्रायग्लिसराइड जास्त असलं की फरक वाढतो. म्हणून लॅब बदलत फिरायचं नाही. त्यांनी एचबीएवनसीही, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, बघायला लावलं, ते 6.1, म्हणजे थोडं चढलेलं निघालं. ट्रायग्लिसराइडचं एक मूळ तिथे सापडलं. रात्री कोलेस्टेरॉल उतरवणारी एक स्टॅटिनची गोळी सुरू झाली, आणि ताटातला भात अर्धा झाला.

लसूण बायकोने परत फोडणीत घातलाय. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचंय. फाईलच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय: हीच लॅब, बारा तास उपाशी, डायरेक्ट. आणि खाली तारीख, कारण त्याच आठवड्यात चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न आहे.