गोदावर्याः दक्षिणे तीरे

डिसेंबरातल्या एका दुपारी डायरी घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेले. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "तारखांची देऊ की बिनतारखांची?" बिनतारखांची कशाला, म्हटल्यावर म्हणाला, "फेब्रुवारीत पहिल्यापासून सुरू करायला बरी पडते." गिऱ्हाइकाचा एवढा अभ्यास पुण्यातच होतो. मी अर्थातच हट्टानं तारखांची घेतली.

शेजारी शके १९४८ चं पंचांग होतं. सवयीनं उघडून पाहिलं. पाडवा १९ मार्चला आणि संवत्सराचं नाव, पराभव! हातात कोरी डायरी, तीत अजून एक अक्षर नाही, आणि निकाल आधीच छापून तयार.

ही साठ नावं प्रभवपासून क्षयपर्यंत ओळीनं फिरत राहतात, त्यांना आपलं काही देणंघेणं नसतं, हे मला कळतं. तरी २०१९ च्या पाडव्याला विकारी लागलं होतं, ते काही डोक्यातून जात नाही. ते संपून शार्वरी लागलं २५ मार्च २०२० ला, आणि टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. त्या साली मी रोज पर्वती चढायची ठरवलं होतं. १०३ पायऱ्या काय, गच्चीतल्या टाकीला फेऱ्या मारून वर्ष काढलं. साधारण नावाचंही एक संवत्सर आहे बरं का, शके १९५२ चं. मला विचाराल तर काही ठरवायचंच असेल तर त्या वर्षी ठरवावं.

लहानपणी आमच्या घरात संकल्प व्हायचा तो श्रावणात, सत्यनारायणाला. सदाशिव पेठेतला वाडा, माजघरात पाट, केळीचे खुंट बांधलेला चौरंग, बाबा मुकटा नेसून घामाघूम, आई शेजारी. आचमन झालं की गुरुजी सुरू करत. भरतवर्षे, भरतखंडे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. मला नेहमी प्रश्न पडायचा की मुठा हाकेच्या अंतरावर असताना गोदावरीपर्यंत का जायचं? शनिपाराजवळच्या घराचा पत्ता कुणी स्वारगेटपासून सांगावा, तसला प्रकार. मग शालिवाहन शके, अमुक नाम संवत्सरे, दक्षिणायने, वर्षा ऋतौ, श्रावण मासे, तिथी, वार, नक्षत्र. मग गोत्र. मग बाबांचं नाव. तोवर आतून केळं घातलेल्या शिऱ्याचा वास यायला लागलेला. माझ्या हातात तुळशी, त्या घामानं मऊ होत चाललेल्या. "हाताला हात लावा," गुरुजी आईला म्हणत. ती बाबांच्या मनगटाजवळ दोन बोटं टेकवायची, जेमतेम. बाबांच्या हातावरून पाणी ताम्हनात पडायचं आणि संकल्प संपायचा.

एवढ्या पाल्हाळात काय करणार ते एखाद्या ओळीत उरकलेलं असायचं. सारा वेळ कुठे, केव्हा आणि कोण यातच जायचा. आणि करायचं तरी काय? समोर मांडलेली पूजा. आरतीपर्यंत ती झालेलीही असायची. वर्षभरात दहा किलो कमी करीन, असं ताम्हनात पाणी सोडून कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. जानेवारीत हनुमान टेकडीवर नव्या कोऱ्या बुटांची जी गर्दी उसळते, तिला गुरुजींनी आधी गुडघ्यांचं गोत्र विचारलं असतं.

घरी येऊन भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. ते १९७३ साली निघालं आणि माझ्या आठवणीत तरी आमची भिंत त्याच्याविना कधी नव्हती. आपण वर्ष कसं घालवलं ते डायरी सांगत नाही, तिची पहिली आठ पानंच काय ती बोलतात. चौकोन मात्र सगळं सांगतात. सिलिंडर लागला. दूध नको. मावशींचा खाडा, त्याच्याखाली अर्धा खाडा. मे महिन्यात आंब्याची पेटी, भावासकट. ऑगस्टपासून 'आई – डॉक्टर' असं दिसायला लागतं, आधी पंधरा दिवसांनी, मग आठवड्याला, मग एकाआड एक. ऑक्टोबरच्या मध्यावर ते थांबतं. पुढच्याच आठवड्यात पुन्हा सिलिंडर. दर डिसेंबरात मी सवाईच्या दिवसांना गोल करते. यंदा केलेले नाहीत.

मग पाठकोऱ्या कागदावर आपलं आपण लिहून पाहिलं. दंडकारण्य देशात, कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. हेमंत ऋतू, मार्गशीर्ष, संध्याकाळची वेळ. उजवा गुडघा कुरकुरतो. गोत्र सासरचं, सवयी माहेरच्या. एवढं झाल्यावर काय करणार ते लिहायला फार वेळ लागला नाही. आईचं कपाट आवरायचं.

एका दुपारचं काम आहे. साड्या फारशा नाहीत, कागदच जास्त असतील. रविवारी ताई येते आहे, तेव्हाच करू. किल्ल्याही तिच्याकडेच आहेत.