गाण्यांपायी सही अडवलीत म्हणे?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते. हो, संमतीपत्र माझ्याकडे बरेच महिने बिनसहीचं पडून होतं. पण पुनर्विकासाला माझा विरोध कधीच नव्हता. गिरगावातल्या १९४० च्या आधीच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) चाळीत, लाकडी टेकूंच्या आधाराने राहणाऱ्या बाईला पडक्या भिंतींचं प्रेम असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक पावसाळा आमच्याकडे काढावा.

माझं म्हणणं चाळीच्या मधल्या चौकापुरतं होतं. नकाशात त्या जागी गाड्या होत्या आणि मोकळी जागा वर, पोडियमवर, म्हणजे गाड्यांच्या मजल्यावरच्या गच्चीवर. बिल्डरचा माणूस म्हणाला, "वर चांगला हॉल देतोय की!" पण चौकात शेजारच्या वाडीतलं कोणीही येऊन बसतं. पोडियमवर जायला रखवालदाराच्या वहीत नाव लिहायचं, कोणाकडे जायचंय ते सांगायचं. नुसतं गाणं ऐकायला आलेल्या माणसाने तिथे काय लिहावं?

या भागात गाणं ऐकणाऱ्यांच्या गर्दीतच वाढलं. ऑपेरा हाऊसजवळ देवधर मास्तरांचं संगीत विद्यालय, जिथे कुमार गंधर्व शिकले. लक्ष्मीबागेतल्या मैफली. आणि आमच्या घरी बाबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. लाखेच्या, हातातून पडली की तुकडेच. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यामुळे बालगंधर्वांची एकेक हरकत ऐकून ऐकून पाठ व्हायची. हिराबाई बडोदेकर लागल्या की तिन्ही मजल्यांच्या कठड्यांशी माणसं उभी राहायची. ग्रामोफोन एका घरात, ऐकणारी अख्खी चाळ. कोजागिरीला चौकात सतरंज्या पडायच्या. चारचौघांत मी पहिल्यांदा गायले ती तिथेच.

हेच सगळं मी भाडेकरूंच्या सभेत सांगितलं. चांगलं बोलले होते, लोक ऐकतही होते. मग दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. त्यांच्या सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. वहिनी आवाज न चढवता म्हणाल्या, "ताई, तुमचं गाणं मी रोज ऐकलंय. सासूबाई चालत होत्या तोवर त्यांना धरून गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत नेताना ऐकलंय. रांगेत कोणी पुढे सोडत नसे. एकदा त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर, आवरलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणं कमी केलं. तेव्हाही तुमच्याकडे तबकडी चालूच होती."

कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. मला त्या दिवसाची काहीच माहिती नव्हती, आणि आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक जिना होता.

त्या रात्री मी तबकडी लावली नाही. पुढेही बराच काळ नाही.

तरीही, आणि हे मी आजही ठामपणे म्हणते, घरातला संडास आणि खालचा चौक यांतलं एकच निवडा, असं आम्हाला का सांगितलं गेलं? किमान ३०० चौरस फुटांचं घर नियमानेच मिळतं, ते कोणी उपकार म्हणून देत नाही. आणि संमती ५१ टक्क्यांची लागते, माझ्या एकटीच्या सहीने काम अडत नाही. हे मी प्रत्येकाला ऐकवत आलेय. पण माझ्याकडे बघून आणखी काही घरं थांबली, हेही खरं. थांबायला लावणारी मी कोण, असं मन विचारतं. मग तेच मन म्हणतं, करारावर सह्या झाल्यावर चौक मागणार कोणाकडे?

सही मी शेवटी केली. सोबत पत्र जोडलं: तळमजल्यावर, कुंपणाच्या दाराशी, सगळ्यांना येता येईल अशी मोकळी जागा करारात लिहून हवी. पत्राला उत्तर आलेलं नाही. वहिनींचं म्हणणं असं, की त्या जागेपायी कोणाचं घर एक फूटही कमी होता कामा नये. पुढच्या सभेत सुधारलेला नकाशा ठेवला जाणार आहे. मी पुन्हा बोलणार आहे, आणि वहिनी विरोधात बोलणार आहेत. त्यांनी तसं मला जिन्यात थांबवून सांगितलंय.